अर्धा निरोप

मित्रांनो, माझी वायर केव्हाच कापली आहे, तेव्हा मी मध्येच वाजेन ही भीती नको. मी एक जुना टेलिफोन आहे. काळा, जड आणि थोडा शिष्ट. एखाद्या साहेबाच्या टेबलावर मिरवायचे माझ्या मनात होते. नशिबी आली ती दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांची भिंत.

घर बंगाली होते, देश परका होता. बाबा छापखान्यात जात, आई कपड्यांच्या कारखान्यात सकाळपाळीला शर्टांना बाह्या जोडायची. समोर माणूस असला की आई हातवारे करून, हसून वेळ मारून न्यायची. मला मात्र चेहराच नाही. मी वाजलो की घर गप्प व्हायचे. आई ओले हात तसेच धरून उभी राहायची आणि म्हणायची, "खुकू, अगं घे ना."

खुकू त्यांची एकुलती एक मुलगी. सहाव्या वर्षापासून ती स्टुलावर चढून मला उचलू लागली. इथली भाषा कानात घ्यायची आणि मान वळवून बंगालीत सांगायची. शाळा, घरमालक, गॅसवाला, सगळे तिच्याच तोंडून बोलत. बाबा कौतुकाने पाहुण्यांना सांगत, "आमचा कारभार ही आणि हा टेलिफोन, दोघं मिळून चालवतात." मीही फुशारून जायचो. एवढे ओझे त्या स्टुलाला पेलणारे नाही, हे मला तेव्हाच कळायला हवे होते.

ती नऊ वर्षांची असताना मामाचा फोन आला. तिकडे आईचे वडील गेले होते. बाबांनी रिसीव्हर ठेवला आणि आईला एवढेच सांगितले, "तुझ्या बाबांना जरा बरं नाहीये." खुकूने सगळे ऐकले होते. बाबांनी तिला बाजूला घेतले.

"वाईट बातमी अशी अंगावर टाकायची नसते. आधी जेवू द्यायचं, मग हळूहळू सांगायचं. आपल्यात असंच करतात."

आईला खरे कळायला चार दिवस लागले. खुकूने मात्र मनाशी खूणगाठ बांधली.

दोन वर्षांनी, एका मंगळवारी दुपारी चार वाजता मी वाजलो. दवाखान्यातली बाई होती.

"घरात मोठं कोणी आहे?"

"आई आहे, पण तिला तुमची भाषा येत नाही. मला सांगा."

बाई इथल्या रीतीप्रमाणे सरळ बोलली. "तुझ्या आईची गाठ तपासली होती, ती वाईट निघाली आहे. तिने उद्याच भरती व्हायला हवं. एक दिवसही थांबायचं नाही. नीट सांगशील ना?"

मी शब्दन् शब्द पोचवला, माझ्याकडून कसूर झाली नाही. खुकूने रिसीव्हर ठेवला.

"कोण होतं गं?" आईने विचारले.

"दवाखान्यातून. जरा अशक्तपणा आहे म्हणाले. सवडीने या."

"वाटलंच मला. उगाच घाबरवतात," आई म्हणाली आणि भांडी घासू लागली.

त्या दिवशी जेवणे झाली. दुसऱ्या दिवशीही झाली. पण पुढचे हळूहळू कसे सांगायचे, ते बाबांनी शिकवलेच नव्हते. खुकू रोज माझ्यासमोर येऊन उभी राहायची आणि तशीच परत जायची. दवाखान्याचा फोन पुन्हा आला. "हो, सांगितलंय," ती म्हणाली. मला ओरडावेसे वाटले, पण दुसऱ्याचेच बोलणे पोचवायचे, हा माझा जन्म.

तिसऱ्या आठवड्यात आई शिलाई यंत्रावरच कोसळली. कारखान्यातून तिला परस्पर दवाखान्यात नेले. ती पुन्हा घरी आली नाही.

खुकूला कोणी बोल लावला नाही, कारण निरोप अर्धाच पोचला होता, हे कोणाला माहीतच नव्हते. माहीत होते ते तिला आणि मला.

आता ती पन्नाशीची आहे. मी तिच्या कपाटात, खोक्यात असतो. कधीतरी दुपारी चारच्या सुमारास ती मला बाहेर काढते, मेलेला रिसीव्हर कानाला लावते आणि बंगालीत पुरा निरोप सांगते. "आई, गाठ वाईट आहे. उद्याच जायचं." पलीकडून कोणी बोलत नाही, तरी ती बराच वेळ ऐकत राहते.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा असे मी म्हणत नाही. पण तुमच्या घरातल्या दोन भाषांच्या मध्ये एखादे मूल उभे असेल, तर त्याच्या हातातला रिसीव्हर मोठ्यांना घ्यायला सांगा. भाषा येत नसली, तरी घ्यायला सांगा.