दहा हजार सात

अरुंधतीने पेनचे टोपण काढले आणि पुन्हा लावले. छपाईआधी तपासायच्या मुद्रिताचा ओलसर कागद तिच्यासमोर होता. छपाईयंत्राला टेकून बळीराम उभा होता.

"सही करा ना बाई. मशीन थांबून राहिली."

"हे स्वल्पविराम कोणी टाकले?"

"मीच. नऊ आकडे सलग वाचताच येत नव्हते, म्हणून कोटी-लाख पाडले. काहून, चुकलं का?"

चुकले नव्हते. गणित मंडळाच्या स्मरणिकेत तिच्या वडिलांच्या, निवृत्त मुख्याध्यापक चंपतराव ठवकरांच्या नावाखाली छापायचे होते : १०,०१,६०,०६३ ही मूळ संख्या आहे, एक आणि ती स्वतः यांखेरीज तिला कशानेही भाग जात नाही. उद्याच्या सभेत याच कामासाठी त्यांना शाल मिळणार होती. मौद्याहून नातलग मुक्कामाला येणार होते.

सात महिने बापलेक रोज जेवणानंतर भागाकार करत. पुस्तकामागच्या तक्त्यातली एकेक मूळ संख्या घ्यायची. वर्गमुळापर्यंत तपासले की पुरते आणि वर्गमूळ दहा हजारांच्या आसपास, असे दोघांनी धरले होते. तक्ता ९९७३ला संपला, तेव्हा त्यांनीही संपवले. घरी तो आकडा सलगच लिहिलेला असे. आता मात्र तो उघड सांगत होता : दहा कोटी, आणि वर एक लाख साठ हजार. म्हणजे वर्गमूळ दहा हजारांच्या पुढे.

दहा हजारांपुढच्या विषम संख्या घेत तिने समासात १०००७ने भागले. बाकी शून्य. पुन्हा भागले. शून्यच.

"घरी जाऊन येते," ती म्हणाली.

सायकलवर तिने रिकाम्या रस्त्यावरही दोनदा घंटी वाजवली. कोण तपासणार होते? पेडलवरून पाय घसरला, तशी ती उतरून चालू लागली. मग पुन्हा बसली.

चंपतराव उद्याचा कोट घालून बघत होते.

"छापलं का?"

तिने कागद पुढे केला. समासातल्या भागाकाराकडे त्यांनी पाहिले, मग वरच्या आकड्याकडे. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत राहिला.

"दहा हजार आठाचा वर्ग," ते हळू म्हणाले, "त्याच्यातून एक कमी. वर्गांची वजाबाकी. तीस वर्षं नववीले शिकवलं मी हे."

"सभेत कोणी भागाकार करत नाही, बाबा."

"तू केला ना."

त्यांनी कोटाची बटणे काढली. शेवटचे निघता निघेना.

"माझं नाव काढ तिथून. तुझं टाक. लिही, दहा हजार सात गुणिले दहा हजार नऊ, दोन्ही मूळ संख्या."

"चूक दोघांची आहे."

"चूक दोघांची. सापडली तुले."

ती कागदाची घडी घालून दाराशी पोचली, तोच त्यांनी विचारले, "सातवाला पुरा तपासला?"

"नाही."

"अन् नऊवाला?"

"तोही नाही."

"मग छापशील कशी?"

कोट एका बाहीत तसाच लोंबत ठेवून त्यांनी पाटी ओढली.

"बस. सातवाला मी पाहतो, नऊवाला तू घे. वर्गमूळ शंभराच्या जरासं वर जाते." खडू शोधत ते थांबले. "या वेळी एक पुढचाही घेजो."