पिसं टाकलेल्या कोंबड्या

कळव्याच्या मिठागरात राबणाऱ्या गोदाने मोठ्या हौसेने पुन्हा कोंबड्या पाळल्या होत्या. त्याआधी कोंबड्यांवर आलेल्या मरीच्या रोगात गावातली सगळी खुराडी ओस पडली होती. म्हणून भादवा सरताना तिच्या कबरी नावाच्या कोंबडीच्या मानेवरची पिसं झडू लागली, तेव्हा गोदाला पुन्हा मरीचीच शंका आली. तिने राख चोळली, कडुलिंबाचा पाला उकळून पाणी शिंपडलं. सगळ्याच कोंबड्यांची पिसं गळतच राहिली. तुरे फिके पडले, अंडी थांबली. शेजारच्या मालनच्या कोंबड्यांचीही तीच गत झाली.

गोदाचा भाऊ धाकू मोहन्याला राहायचा. गावोगावच्या कोंबड्या घेऊन कल्याणच्या बाजारात विकायचा. तिने त्याला बोलावून घेतलं. त्याने कबरीचा पंख उलगडून पाहिला आणि मान हलवली.

"मरीच आहे, बाय. गावात बोलू नकोस, खापर तुझ्यावर फुटेल. मी लांब रानात सोडून देतो."

मालन कचरत होती. "अंगानं तर बऱ्या दिसतात गो."

"माझा भाऊ आहे तो," गोदाने समजावलं. "त्याला नाही कळणार तर कुणाला?"

दोघींनी आपल्या कोंबड्या धाकूच्या डालग्यात घातल्या. रिकामं खुराडं बघवेना, म्हणून गोदाने ते मोडून चुलीत घातलं.

पौषात भावजय बाळंत झाली. गोदा डिंकाचे लाडू घेऊन भरतीच्या होडीने कल्याणला आणि तिथून चालत मोहन्याला गेली. भावाच्या परसात कण्या टिपणाऱ्या कोंबड्यांत तिला कबरी दिसली. अंगभर नवी पिसं, तुरा लालभडक. गोदाने नेहमीची साद घातली, तशी ती धावत पायाशी आली. मागोमाग बाकीच्याही आल्या.

"दरसाल पिसं टाकतात त्या," बाजेवरून भावजय सहज बोलून गेली. "थंडीत नवी येतात. तुम्हाला ठाऊक नव्हतं, वन्सं?"

धाकू घरी आला तेव्हा गोदा दारातच बसली होती.

"मालनच्या कुठे आहेत?"

"विकल्या." तो तिच्याकडे बघत नव्हता. "तुझ्या तेवढ्या ठेवल्या ना, बाय. तू काय परकी आहेस?"

"परकी असते तर तुझं ऐकलंच नसतं. आणि मालनने माझं ऐकलं."

 गोदाने कोंबड्या धरून डालग्यात घातल्या. लाडवांचं गाठोडं बाळंतिणीच्या उशाशी ठेवलं आणि बाळाकडे न बघता ती निघाली. होडीत तिला रडू आलं नाही. रानात कोल्ह्यांनी खाल्ल्या असतील म्हणून ती आधीच रडून बसली होती, आणि आता त्या रडण्याचीच तिला लाज वाटत होती.

कळव्याला उतरून ती थेट मालनच्या दारात गेली. घडलं ते सगळं सांगितलं आणि डालगं पुढे सरकवलं.

"ह्या तुझ्या."

मालनने झाकण उचलून बघितलं. "तुला ठाऊक होतं का, गोदा?"

"नव्हतं."

मालन तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने डालगं आत ओढून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून मिठागरावर जाताना ती गोदासाठी थांबेनाशी झाली.