केक मांडीवर, डिकी उघडी

वहिनीने गाडी घेतली तेव्हा घरात ती कुणालाच आवडली नाही. नवऱ्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला पायाने ढोसून पाहिलं आणि म्हणाला, "जुनी गाडी घेणं म्हणजे दुसऱ्याची दुखणी विकत घेणं." वन्सं, म्हणजे त्याची थोरली बहीण, शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्या तरी त्यांचा आवाज अजून मैदानावरच होता. त्यांनी दार उघडून आत डोकावलं आणि विचारलं, "हिच्यात मी माझे गुडघे कुठे ठेवायचे?"

वहिनीला मात्र नुसतं हसू फुटत होतं. ती घरी केक करून विकायची. आजवर तिचे केक शेजाऱ्याच्या स्कूटरवरून, बसमधून, एकदा तर दूधवाल्याच्या सायकलवरून गेले होते. आता तिच्याकडे स्वतःची डिकी होती. गाडी एवढीशी, गोल, पुढून फुगलेल्या गालांची. वन्संनीच तिचं नाव ढमी ठेवलं.

ढमीने पहिल्या आठवड्यातच गुण उधळायला सुरुवात केली. चढ आला की इंजिन घसा फाडून ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. मिस्त्री म्हणाला, क्लच प्लेट घासलीय. ती बदलली. मग खड्डा आला की कुणीतरी खालून दार ठोठावतंय असा आवाज यायला लागला. शॉकअप गेले होते. तेही बदलले. मग डावीकडची काच वर गेली ती खाली यायला तयार होईना, आणि उजवीकडची चार बोटं उतरून अडकली. वहिनीने शेवटी मिस्त्रीला सरळच विचारलं, "खरं सांगा, गाडी कशी आहे?"

"गाडी चांगली आहे," मिस्त्री म्हणाला. "फक्त हात लावाल तिथे काम आहे."

"चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला," नवरा म्हणाला. वहिनीने काचांचं काम पुढे ढकललं आणि ती दिवसाला एकाऐवजी दोन केकच्या ऑर्डरी घ्यायला लागली.

अशात तिला मोठी ऑर्डर आली. पोहण्याच्या तलावावरचे जुने प्रशिक्षक निवृत्त होत होते आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना तलावाच्याच आकाराचा केक हवा होता. वहिनीने जीव ओतला. निळ्या क्रीमचं पाणी, पांढऱ्या क्रीमच्या दोऱ्या, आणि पाण्यात हात मारणारे साखरेचे इवलेसे पोहणारे, प्रत्येकाच्या डोक्यावर वेगळ्या रंगाची टोपी. केक मागच्या सीटवर ठेवला, तो सरकू नये म्हणून वन्सं शेजारी बसल्या, आणि दोघी भर दुपारी निघाल्या.

बाजाराच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागली होती. ढमी मुंगीच्या पावलांनी चालली होती. तेवढ्यात वहिनीचं लक्ष तापमानाच्या काट्याकडे गेलं. काटा लाल पट्टीला टेकायला आला होता. तिने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि मिस्त्रीला फोन लावला.

"रेडिएटरचा पंखा फिरत नसणार," मिस्त्री म्हणाला. "झाकण उघडू नका, हात भाजेल. थोडी थंड होऊ द्या. मग हीटर पूर्ण चालू करून हळूहळू न्या. इंजिनची उष्णता आत येईल, काटा उतरेल."

"आत केक आहे," वहिनी म्हणाली.

"मग काय वाचवायचं ते तुम्ही ठरवा," मिस्त्री म्हणाला.

थोड्या वेळाने ढमी पुन्हा सुरू झाली. हीटर लावताच आत भट्टी पेटली, आणि काचा तर अडकलेल्याच होत्या. काटा खरोखरच उतरायला लागला, पण आरशात पाहिलं तर निळ्या पाण्यालाही उतार लागला होता.

"अगं, बुडाला," वन्सं म्हणाल्या.

"कोण?"

"लाल टोपीवाला. कमरेपर्यंत गेला."

वहिनीला रडू यायच्या ऐवजी हसू आलं, आणि ते एकदा आल्यावर थांबेना. घाम आणि डोळ्यांतलं पाणी एक झालं. वन्सं आधी रागावल्या, मग त्यांनाही हसू फुटलं, आणि हसता हसताच त्यांनी हुकूम सोडला, "थांबव गाडी. डिकी उघड."

"वन्सं, तुम्ही काय करताय?"

"वारा खायला जातेय. केकला घेऊन."

मागची सीट पाडून, डिकी उघडी टाकून, वन्सं पाय बाहेर सोडून बसल्या आणि केक मांडीवर घेतला. आत गरम हवा, बाहेर वारा, आणि मधे वन्सं. मागच्या गाडीवाल्याने भोंगा वाजवायला हात उचलला होता, तो तसाच राहिला.

"अंतर ठेवा," वन्संनी त्याला मैदानी आवाजात बजावलं. "आत माणसं पोहताहेत."

त्याने अंतर ठेवलं. त्याच्या मागच्यानेही ठेवलं. पुढे चौकात वाहतूक पोलिसाने त्यांना अडवलं, उघड्या डिकीकडे पाहिलं, केककडे पाहिलं, वन्संच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "तलाव त्या वळणावरच आहे ना?" त्याने विचारलं, आणि सगळ्या गाड्या थांबवून ढमीला वाट करून दिली. वहिनी स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसली आणि मग भानावर येऊन तिने गिअर टाकला.

तलावाच्या दारात प्रशिक्षक स्वतः उभे होते. वन्संच्या मांडीवरचा केक पाहून ते पुढे वाकले. दोऱ्या वाकड्या झाल्या होत्या, पाणी एका बाजूला जमलं होतं आणि लाल टोपीवाल्याचं आता फक्त नाक वर होतं. वहिनी माफी मागायला तोंड उघडणार, तोच प्रशिक्षक खदखदून हसले.

"पहिल्या दिवशी सगळे असेच असतात," ते म्हणाले. "ह्याला माझ्या ताटात वाढा. बाहेर काढतो."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने पंख्याची मोटर बदलली, फुगलेला होज बदलला, नवीन कूलंट भरलं. बिल मोठं होतं, पण तशीच दामटली असती तर हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाचं सील, उडून काम गाडीच्या निम्म्या किमतीला पडलं असतं, असं त्याने सांगितलं. नवरा म्हणाला, "विकून टाक. लोखंडाचे तरी पैसे येतील." वहिनी काही बोलायच्या आत वन्सं म्हणाल्या, "विकायची नाही. बिलात अर्धे माझे."

गॅरेजमधून परतताना त्यांनी वहिनीला मोकळ्या मैदानाजवळ थांबायला लावलं. उतरून, गाडीला वळसा घालून त्या ड्रायव्हरच्या दाराशी आल्या.

"सरक," त्या म्हणाल्या. "मला शिकव."

"आत्ता?"

"मग काय, गुडघे आणखी दुखायची वाट बघू?"

वहिनी सरकली. वन्संनी सीट पार मागे ढकलली, गुडघे कसेबसे स्टिअरिंगखाली बसवले आणि क्लच फटकन सोडला. ढमीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा उडी. मैदान अर्धं संपेपर्यंत दोघींची पोटं हसून दुखायला लागली होती, आणि मग एकदाची ढमी न अडखळता चालायला लागली.

"बघ, जमलं," वन्सं म्हणाल्या. "आता ही थांबवायची कशी ते सांग."