धुरपताबाईची पट्ट्यावरची जागा

हळदीच्या कारखान्यात पाळणाघर उघडून आठवडा होत आला आणि त्यात अजून एकही लेकरू नव्हतं. रंगीत चटया होत्या, झोळी होती, प्लॅस्टिकचा घोडा होता, आणि हिंगोलीहून रोज बसनं येणारी, लेकरं सांभाळायचं रीतसर शिक्षण घेतलेली दिपा होती. ती बिचारी सकाळी चटया झटकून अंथरायची आणि संध्याकाळी त्याच पुन्हा गुंडाळून ठेवायची.

मालक बुद्धभूषणचा जीव वरखाली होत होता. हंगाम ऐन भरात, मालाच्या गाड्या दारात उभ्या आणि तांड्यावरच्या निम्म्या बाया घरी. अंगणवाडी दुपारी सुटते, त्यापुढं लेकरांकडं बघायचं कुणी? म्हणून तर त्यानं ही खोली काढली होती, तीही फुकटात. तरी बाया येईनात. शेवटी त्यानं विचारलंच, तेव्हा पट्ट्यावरच्या भागूबाईनं सगळ्यांच्या वतीनं सांगून टाकलं, "त्या पोरीला आमी वळखत न्हाई, साहेब. धुरपतामाय बसत असंल तर ठेवतो लेकरं. न्हाईतर न्हाई."

झालं. जिला विचारायचं तिला सोडून बाकी सगळ्यांचं एकमत झालं.

धुरपताबाई निवडणीच्या पट्ट्यावर शेवटच्या जागेवर बसायची. पट्ट्यावरून हळद सरकत येते, दोन्ही बाजूंच्या बाया तिच्यातले गोल गड्डे, खडे, माती वेचून काढतात आणि लांब कांड्या पुढं जाऊ देतात. बाकीच्यांच्या हातून जे सुटतं ते शेवटच्या जागेवर सापडलं पाहिजे, म्हणून तिथं कुणालाही बसवत नाहीत. धुरपताबाई बसलेली असली की बुद्धभूषण पोतं उघडूनही बघत नसे.

ही जागा तिला पन्नाशी उलटल्यावर मिळाली होती. त्याआधी जन्मभर काय केलं? लेकरं सांभाळली. आधी धाकटी भावंडं, मग स्वतःची, मग जावांची, मग ऊसतोडीला गेलेल्या लेकीची. तांड्यावर कुणाचंही पोरगं रडायला लागलं की ते धुरपताच्या मांडीवर आणून टाकायचं, अशी रीतच पडून गेली होती. आणि तिच्या मांडीवर ते गप्पही व्हायचं, तिथंच सगळा घात झाला. बाई, तुला हे आवडतं का, असं कुणी कधी विचारलं नाही.

"मावशी, पगार तेवढाच राहील," बुद्धभूषण तिला म्हणाला. "वर पंखा आहे, धूळ नाही. तुमचं वय झालंय, तेवढाच आराम."

"वय झालं म्हणून माझ्या हातून काही सुटलं का, साहेब?"

"तसं नाही, पण..."

"मग न्हाई."

"शनिवारपर्यंत खोली रिकामी राहिली तर मला ती बंद करावी लागेल. बाया नाहीत तर पट्टाही बंद. मग तुमची जागा तरी कुठं राहते?"

त्याचं बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच ती जास्त चिडली. दिवसभर तिचे हात चालत होते आणि डोकं भणभणत होतं. आजूबाजूच्या बाया तिच्याकडं बघत, एकमेकींकडं बघत आणि पुन्हा मान खाली घालत. म्हातारी हट्टाला पेटली, एवढंच त्यांना दिसत होतं.

संध्याकाळी सून दारातच उभी. शिलाच्या कडेवर दहा महिन्यांचं पोरगं होतं. ते पोटात असताना, अगदी दिवस भरत आले तरी, ती पट्ट्यावर यायची. तेव्हापासून घरीच होती. सासूला ती तांड्याच्या बोलीत याडी, म्हणजे आई म्हणायची, पण आज तिच्या आवाजात मायेचं काही नव्हतं.

"याडी, तुमी न्हाई म्हणल्या म्हणे."

"व्हय."

"काहून? तुमचाच तर नातू हाय."

"नातू माझा हाय म्हणून मीच बसायचं का? तुला काहून जायचं हाय कामाला?"

"घरात जीव घुसमटते माझा. तिथं चार बायांत बसलं की मी मानूस हाय असं वाटते."

"अन् मला काय वाटत असंल?"

शिला पोराला दुसऱ्या कडेवर घेऊन आत गेली. धुरपताबाईनं शेळ्या सोडून पुन्हा बांधल्या, झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. खोली बंद पडली तर सगळ्याच घरी बसणार, ती खोलीत बसली तर पट्ट्यावरून ती एकटीच जाणार. सगळ्यांना सोयीचं काय ते तिला कळत होतं. कळूनही मन तयार होत नव्हतं.

सकाळी टेम्पो आला. तिनं शिलाच्या कडेवरून पोरगं उचललं आणि म्हणाली, "चल. तूबी चल."

टेम्पोत कुजबुज सुरू झाली. म्हातारी नमली, असं सगळ्या धरून चालल्या. कारखान्यात उतरल्यावर बाया तिच्या मागोमाग खोलीपर्यंत आल्या. धुरपताबाईनं नातवाला दिपाच्या हातात दिलं आणि वळून म्हणाली, "माझ्यावर भरवसा हाय म्हणता ना? मग बघा. माझा नातू मी हिच्यापाशी ठेवून राहिले. मी पट्ट्यावर हाय."

मग दिपाला म्हणाली, "पालथं झोपायची सवय हाय त्याला. अन् रडला तर मला बोलवू नको."

"बरं, आजी," दिपा म्हणाली. ती पोरगी धुरपताबाईहून जास्त घाबरली होती.

सासूसुना शेजारी बसल्या. जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी लाईट गेली. पट्टा थांबला, पॉलिशच्या ड्रमचा गडगडाट थांबला, आणि भिंतीपलीकडून रडणं ऐकू आलं. शिला ताडकन उठली.

"बस," धुरपताबाई म्हणाली.

"याडी, रडून राहिला तो!"

"मला कान हायत. बस."

रडणं वाढलं. श्वास कोंडून पुन्हा फुटणारं, तिला पाठ असलेलं रडणं. तिचे गुडघे आपोआप वर होऊ लागले. चार पावलं गेली असती, छातीशी धरलं असतं, तर तो लगेच शांत झाला असता. पण आज उठली तर पुन्हा ह्या जागेवर यायची नाही, हेही तिला ठाऊक होतं. तिनं दोन्ही हात पट्ट्यावरच्या हळदीत खुपसून ठेवले. बाया तिच्याकडं बघत होत्या. तिला त्या सगळ्यांचा राग आला, पोराचा आला, स्वतःचा तर फारच आला.

मग रडण्यात दिपाचं गुणगुणणं मिसळलं. रडण्याची मुसमुस झाली. मग तीही थांबली.

भागूबाईनं पदरानं तोंडावरची पिवळी धूळ पुसली आणि म्हणाली, "उद्या माझ्या पोरीला आणते."

लाईट आली, पट्टा सरकू लागला. धुरपताबाईला हायसं वाटलं. जागा राहिली. आणि त्याच्या पाठोपाठ इतकं वाईट वाटलं की तिला समोरची हळद दिसेना. तिच्या घरातलं लेकरू पहिल्यांदाच तिच्यावाचून गप्प झालं होतं.

"याडी," शिला हळूच म्हणाली, "तुमी रडून राहिल्या का?"

"व्हय, रडून राहिले," धुरपताबाई म्हणाली. "तू हात चालव."