घडीगणिक रंग

राहनाळच्या गोदामांतला माल कुठं ठेवला, कधी निघाला, हे सांगणारा प्रोग्राम प्रितेशनं एकहाती लिहिला होता. गेल्या वर्षी शेलार गावाजवळ त्याची बाईक घसरली नि डोक्याला मार बसला. हातपाय सावरले, बोलणंही परत आलं. पण संगणकासमोर बसला की गाडं अडायचं. प्रोग्राममध्ये अटीच्या पोटात अट, तिच्या पोटात आणखी एक. शब्द वाचता यायचे. आपण कितव्या अटीच्या आत आहोत, तेच निसटायचं.

"ओळी सगल्या ओळखीच्या हायेत," तो बायकोला, विनिताला म्हणाला, "पन मी कुठं हाय, ते कळत न्हाय."

विनिता त्याच्याच कंपनीत होती. त्याच्या वाटचं कामही आता तीच ओढत होती. ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. प्रोग्राम ज्यात लिहायचा, तो एडिटर शब्दांना त्यांच्या जातीप्रमाणे रंग द्यायचा.

"रंग शब्दांना नको, आपण किती आत आहोत त्याला देऊ," ती म्हणाली. "एकेका अटीच्या भागाची घडी घालून तो मिटता येतो ना? ती घडी किती आत आहे, हे एडिटरला ठाऊक असतं. तसे रंग देणारा छोटा प्रोग्राम मी लिहून देते."

"न्हाय. मीच लिहितो."

पूर्वी तासाभरात उरकलं असतं, ते काम आठवडे चाललं. चिडून उठला की तो ओट्यावर आईपाशी, आक्कापाशी जाऊन बसे. ती बोंबील निवडता निवडता एवढंच म्हणायची, "बस रं जरा. मंग जा."

अखेर जमलं. पहिल्या घडीमागं फिकट पिवळा, दुसरीमागं हिरवा, तिसरीमागं निळा. त्यानं आपलाच जुना प्रोग्राम उघडला नि हिरव्यातून पिवळ्यात न चुकता बाहेर आला. त्याला हसू फुटलं.

मग तो खाली सरकला. तिथं सहा-सात घड्या एकात एक होत्या. रंग नीट दिसत होते, तरी तिसऱ्याच्या पलीकडं डोकं चालेना. त्यानं पुन्हा पुन्हा वाचून पाहिलं. हे लिहिणारा माणूस आता परत यायचा नव्हता.

"विनिता," तो हळूच म्हणाला, "निळ्यापर्यंतचं मी करीन. त्याच्या आतलं तुझं."

ती खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली.

दुसऱ्या दिवशी त्यानं ऑफिसात फोन केला. "सोमवारपासून येतो. प्रोग्रामची जबाबदारी मात्र विनिताकडेच राहू द्या, मी तिच्या हाताखाली करीन."