वहिनींचा पाठिंबा

पिन टोचत होती. खांद्यावर, पदराच्या निऱ्या एकत्र धरल्या होत्या नेमकं तिथं, आणि हात वर करून ती जरा सरळ करावी म्हटलं तर समोर उंच खुर्चीत महापौर, दोन्हीकडच्या बाकांवर पुरुषच पुरुष, आणि वर — मान न वळवताही तिला ठाऊक होतं — वर गॅलरीत पहिल्या रांगेत तिचा नवरा, सोमनाथ. सकाळी आरशासमोर तिनं ही एक पिन जास्तीची लावली होती. कारण आज उभं राहायचं होतं, आणि उभं राहताना पदर घसरला असता तर सगळं चित्त पदराकडं गेलं असतं आणि बोलायचं राहूनच गेलं असतं. बाईचं बोलणं पदराशी अडतं, मेलं! पुरुषाला काय, तो उठला की उठला.

शोकप्रस्ताव झाला होता, सगळे हात जोडून उभे राहून पुन्हा बसले होते, मग चहा आला होता, मग रस्त्यावरच्या दिव्यांवरून दोघं जण एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते आणि चहाच्या दुसऱ्या फेरीला एकत्र हसले होते. स्टेडियमचा विषय अजून आला नव्हता. लंकाबाईला हे सगळं आता सवयीचं होतं. सत्त्याण्णव साली वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला तेव्हा सोमनाथनं तिच्या नावानं अर्ज भरला, प्रचार त्यानंच केला, हारही त्याच्याच गळ्यात पडले, आणि सातपूरच्या निम्म्या लोकांना अजून वाटतं की नगरसेवक तोच आहे. ती नुसती वहिनी. महापौरांची वहिनी, शिपायाची वहिनी, लिफ्टवाल्याचीसुद्धा वहिनी. या सभागृहात इतक्या दिवसांत ती एकच शब्द बोलली होती — मंजूर. तोही सगळ्यांच्या आवाजात मिसळून, भजनात मागं बसलेल्या बायका म्हणतात तसा.

लंके, तू बोलशील ना?

लंके म्हणणारी जगात आता एकच माणूस उरली होती. मंगला काल संध्याकाळी दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही, चपला धुळीनं भरलेल्या, गळ्यात शिट्टी. मैदानावरून तशीच आली होती. शाळेत खेळाची बाई आहे ती, आणि शाळा सुटल्यावर बाजारामागच्या मैदानावर कामगार वसाहतीतल्या पोरींना खो-खो शिकवते, एक पैसा न घेता. तेच मैदान. त्याच मैदानावर आता स्टेडियम बांधायचं म्हणताहेत.

"दोनच वाक्यं बोल," मंगला म्हणाली होती. "जास्त नको, घाबरशील. पहिलं — आमच्या वॉर्डातल्या पोरींना खेळायला हक्काचं मैदान पाहिजे. दुसरं — म्हणून या स्टेडियमला माझा विरोध आहे. बस्स. म्हणून दाखव बरं."

आणि तिनं दारातच म्हणून दाखवलं होतं, कविता म्हणावी तसं, आणि मंगला खुदकन हसली होती. "अगं, जरा दम घे ना मधे!"

...दम. घोटीच्या शाळेत असताना हीच मंगला ओरडायची — धीर धर, धीर धर! दोघी एकाच संघात. इगतपुरीला तालुक्याचे सामने होते, मैदान नुसतं चिखलाचं, आणि ती चौकात उकिडवी बसलेली, आणि समोरून ती पळणारी पोरगी अगदी हाताच्या अंतरावर आली, तिच्या वेणीची लाल रिबीनसुद्धा दिसली... आणि खो मिळायच्या आधीच लंका उठली. फाउल! पंचांनी शिट्टी फुंकली, आणि मागून मंगला — अगं मी देतच होते ना खो, तुला थोडासुद्धा धीर कसा नाही! त्या दिवशी हरल्यावर ती येताना गाडीत रडली होती. पण आत कुठंतरी मजाही वाटली होती. उठले ना मी! न सांगता उठले! एवढी उतावळी पोरगी होते मी. मग एवढा धीर मला कुठून आला? कोणी शिकवला? इतकी वर्षं नुसती बसून...

सोमनाथला यातलं काही माहीत नाही. त्याला एवढंच माहीत की पुढच्या खेपेला वॉर्ड खुला होईल, तिकीट त्याला हवंय, आणि तिकीट देणाऱ्यांना स्टेडियम हवंय. माणूस वाईट नाही. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात रात्रंदिवस बसला होता. आज सकाळी पोळीचा घास मोडता मोडता म्हणाला, "हे बघ, पाठिंबा हाय म्हणलीस तर लय बरं. काय नाय बोललीस तरी चालंल, गप बस. पण चांगल्या कामात खो घालू नको."

तेव्हा तिला हसू फुटणार होतं. खो घालू नको म्हणे! एक खो दिला की माणूस उठून पळत सुटतं, आणि दुसरा घातला की पळणारं तोंडावर पडतं, आणि शब्द मात्र एकच. तिनं त्याला आणखी एक पोळी वाढली.

आणि खरं सांगायचं तर — हे मंगलालाही तिनं सांगितलं नव्हतं — तिला स्वतःलाच कळत नव्हतं, हवं की नको. ते मैदान काय लोण्याचं आहे? मुरूम आहे तो, धारदार. पोरी अनवाणी पळतात, पडल्या की सोलून निघतात. तिचा गुडघाही असल्याच एका मैदानावर कामातून गेला. चांगली माती, भिंत, पाण्याचा नळ, कपडे बदलायला खोली... का नको? रस्त्यावरून जाणारी टवाळ पोरं तरी बघत उभी राहणार नाहीत. म्हणून स्टेडियमचं रंगीत चित्र घरी आलं तेव्हा तिनं ते हौसेनं टेबलावर पसरलं होतं. खाली दुकानं, वर गोल पायऱ्या, मधे हिरवंगार गवत, दाराशी पांढऱ्या टोपीचा पहारेकरी. ती शोधत राहिली. मग म्हणाली, "अहो, खो-खोचे खांब कुठं आहेत यात?" सोमनाथ हसला. "अगं, इंटरनॅशनल हाय ते. खो-खो काय घेऊन बसलीस?" चित्रात माणसंही होती, छोटी छोटी, रंगवलेली. बूट घातलेली. त्यांच्यात वसाहतीतली एकही पोर तिला दिसेना, आणि तेव्हा तिनं ते चित्र गुंडाळून ठेवलं.

"विषय स्टेडियमचा," सचिव म्हणाले.

रंगनाथअण्णा उठले. जुने, वजनदार. "आपल्या पोरांना पळायला पुण्याला जावं लागतं, ही शरमेची गोष्ट हाय. एवढं मोठं नाशिक, मॅच कुठं भरवायची? गंगेच्या वाळवंटात?" बाकं वाजली. मग तिच्या शेजारच्या खुर्चीतले चिमाजी उठले, सिडकोतले, विरोधी बाजूचे. "घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा! आमच्याकडं दिवसाआड पाणी येतंय. सिंहस्थ तोंडावर आलाय, घाट बांधायचे पडलेत, अन् तुम्हाला स्टेडियम सुचतंय?" पुन्हा बाकं वाजली. दोघांचं बोलणं तिला पटलं. दोघांच्याही बोलण्यात त्या पोरी नव्हत्या. पाणी, घाट, मॅच, शहराचं नाव... सगळं खरं आणि मोठं होतं, त्यापुढं तिचं ते दोन वाक्यांचं गाठोडं एवढंसं वाटायला लागलं.

आणि तरी ती उठली. कशी उठली, तिला कळलं नाही. गुडघा कुरकुरला. पदर जागच्या जागी राहिला. बाकांवरच्या माना वळल्या. वहिनी उठल्या म्हणजे काय! वर गॅलरीत कडेला मंगलाही बसलेली होती, तिच्या पांढऱ्या साडीचा ठिपका तिला दिसला.

"बोला वहिनी, बोला," महापौर म्हणाले, अगदी प्रेमानं.

"आमच्या वॉर्डातल्या पोरींना," ती म्हणाली, आणि माईकमधून तिचाच आवाज तिच्यावर आदळला, जाड, अनोळखी, "खेळायला हक्काचं मैदान पाहिजे."

आणि तिनं दम घेतला.

तेवढ्यात महापौर म्हणाले, "ऐका! ऐका! ज्यांच्या वॉर्डात होणार त्या वहिनीच सांगताहेत, पोरींना हक्काचं मैदान पाहिजे! आता आणखी काय राहिलं? वहिनींचा पाठिंबा आहे!" बाकं वाजायला लागली, थांबेनात. कोणीतरी "वा वहिनी" म्हणालं. ती उभीच होती. दुसरं वाक्य तोंडात होतं, अख्खं, चव लागावी इतकं जवळ.

चिमाजी तिच्याकडं झुकले. त्या गोंगाटात फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाले, "वहिनी, तुमचं बोलणं पुरं झालं नाही. तुमचा विरोध होता ना? बसू नका. नुसतं हो म्हणा, मी मतदान मागतो."

खो. पाठीवर हात ठेवून, स्पष्ट, मोठ्यानं दिलेला. आता उठून पळायचं, एवढंच.

"नाही," ती म्हणाली. "महापौर म्हणाले तेच." आणि खाली बसली.

चिमाजींनी तिच्याकडं एकदा नीट पाहिलं आणि मग पाहिलंच नाही. "मंजूर?" महापौरांनी विचारलं. मंजूर, मंजूर, सगळीकडून आवाज आले, त्यात एक तिचाही होता. तिला वाटलं होतं लाज वाटेल, रडू येईल, हातपाय गार पडतील. तसं काही झालं नाही. बरं वाटलं. डोक्यावरचा हंडा उतरवल्यावर मान मोकळी होते तसं बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं थांबत नव्हतं. मी अशी आहे? मी अशीच होते?

जिन्याच्या खालच्या पायरीवर मंगला उभी होती. डोळे लाल. लंकाबाईला वाटलं, ही आता सगळ्यांसमोर तोंडावर थुंकेल, आणि थुंकली तर फार बरं होईल.

मंगलानं तिचा हात धरला. "गुंडाळलं गं तुला त्यांनी. मी बघत होते ना वरून. तू एवढी उभी राहिलीस आणि त्या माणसानं तुझंच वाक्य उलटं फिरवलं. तुझा काय दोष?" मग म्हणाली, "बाकांच्या आवाजात पुढचं ऐकूच आलं नाही. दुसरं वाक्य... म्हणालीस ना तू?"

"म्हणाले गं," लंकाबाई म्हणाली. "म्हणाले. कोणी ऐकलंच नाही."

"मला माहीत होतं," मंगला म्हणाली, आणि डोळे पुसले. "पोरींना सांगते मी. सांगते की लंकामावशी बोलल्या. हरलो तर हरलो."

ती गेली, पोरी मैदानावर वाट पाहत असतील म्हणून घाईनं. आवाराच्या फाटकाशी सोमनाथ चार माणसांत उभा होता, तिला बघून हसला, इतक्या वर्षांत हसला नव्हता असं, आणि स्वतः गाडीचं दार उघडून म्हणाला, "बस. काय बोललीस गं आज!" ती बसली. मंगला खूश होती, सोमनाथ खूश होता, महापौर खूश होते. कोणाचंच मन मोडलं नव्हतं. एक वाक्य बोलायचं, सगळ्यांचंच वाटेल असं, आणि मग दम घ्यायचा... पुढचं लोकच बोलतात. गाडी त्र्यंबक रोडला लागली तेव्हा ती खिडकीतून बाहेर बघत होती, आणि निवडून आल्यापासून पहिल्यांदाच तिला वाटलं की हे काम आपल्याला जमेल.