रूपा आणि टोवा

माझा नवरा हरीलाल रोज संध्याकाळी समुद्र अडवणाऱ्या भिंतीवर फिरायला जातो, पिंजरा हातात धरून. पिंजऱ्यात टोवा, तांबूस पोटाचा मुठीएवढा काळा पक्षी. रविवारी मैदानात दोन पिंजरे शेजारी टांगतात. ज्याचा पक्षी आधी पन्नास शिट्ट्या घालेल तो जिंकला. पक्षी गर्दीला बुजू नये म्हणून हे फिरवणं. लग्नाला अकरा वर्षं झाली, मला त्या भिंतीवर एकदाही नेलेलं नाही. मी जळायचे, आणि ते लपवायचेही नाही.

मग माझ्या भावाने जंगलातून आईवेगळी हरणी आणली. मी तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं, रूपा नाव ठेवलं.

"मुकं जनावर," हरीलाल म्हणाला. "माझा टोवा गातो तरी. ही काय करते? पाला खाते."

"हाक मारली की येते. तुझ्या टोवाला दार उघडून दे, मागे वळून बघतो का ते बघू."

त्याला ते झोंबलं.

भातकापणीला तो आठवडाभर बाहेरगावी गेला. जाताना बजावलं, "रोज फिरव त्याला." मी कशाला फिरवतेय? पिंजरा रूपाच्या कुंपणाला टांगला आणि मोकळी झाले.

तो परतल्यावरच्या रविवारी टोवाने मैदानात चोच उघडली नाही. घरी मात्र रूपा दिसताच धडाधड शिट्ट्या. हरीलालने तीनदा पिंजरा रूपापासून दूर नेऊन परत आणून खात्री केली.

पुढच्या रविवारी त्याने रूपाला दोरी बांधली. तिने चारी पाय रोवले.

"कौसिला, तूही चल."

"मला नेतोस?"

"तुझ्याशिवाय ती हलत नाही ना."

एवढं ऐकूनही मी निळा फ्रॉक इस्त्री केला. माझी मलाच लाज वाटली.

मैदानात लोक म्हणाले, "हरीलाल, शर्यतीला आलास की वरात काढलीस?" तो हसला. टोवा रूपाकडे बघून गाऊ लागला, समोरचा पक्षी तिसावर असताना याचे पन्नास झाले. हरीलालने पिंजऱ्याला ओठ लावले. मी शेजारीच उभी होते.

निदान रूपा माझी होती. दुधाची बाटली काढून मी हाक मारली, "रूपा."

तिचे दोन्ही कान पिंजऱ्याकडे होते. ती वळली नाही.

हरीलालने ते पाहिलं. मी पुन्हा हाक मारली नाही.